चौथी गाठ

१

जालन्यात तेव्हा सगळ्या मिळून तीन फटफट्या होत्या, आणि त्यातली एक रखमाजी जिनगराच्या अंगणात उभी असे. घोड्यांचं सामान शिवणाऱ्याच्या घरात हे तेल पिणारं घोडं, म्हणून बाजारातले टांगेवाले त्याची चेष्टा करत. "रखमाजी, तिला खोगीर कधी चढवतो?" असं कुणी विचारलं की हातातली आरी न थांबवता रखमाजी म्हणे, "आधी तुझ्या घोड्याला चंदी घाल, मंग माझ्या फटफटीची काळजी कर."

निजामाच्या अमदानीतलं, फसली तेराशे पंचेचाळीसचं, म्हणजे इंग्रजी पस्तीस-छत्तीसचं ते साल. फटफटी अर्थात रखमाजीची नव्हती. ती कापसाच्या जिनिंगच्या शेटजींची. रखमाजीचा एकुलता एक मुलगा मच्छिंद्र त्यांच्याकडे कामाला होता. हंगामात रोज सकाळी फटफटीवरून हसनाबादकडे जायचं, कधी पार पिंपळगाव रेणुकाई गाठायचं, गावोगावच्या कापसाचे नमुने पिशवीत भरायचे आणि दिवस मावळायच्या आत परत यायचं, हे त्याचं काम. बावीस वर्षांचा पोरगा, आणि रस्त्यात पोरंठोरं मागं पळतात म्हटल्यावर त्याची मान जरा जास्तच ताठ झाली होती.

त्याला फटफटी शिकवली अजमत मिस्त्रीनं. अजमत औरंगाबादच्या छावणीत साहेबांच्या गाड्या चालवून आलेला, एका पायानं लंगडा, आणि स्वभावानं गोड. त्याचे धडे रखमाजी दुकानात बसल्या बसल्या ऐके.

"खड्ड्याकडं पाह्यचं न्हाई, बेटा. जिथं जायचंय तिथं पाह्यचं," अजमत सांगे. "आन् बैलगाडीच्या चाकोरीत चाक घुसलं तर खेचाखेची बिलकुल न्हाई. हात ढिले सोडायचे. गाडी आपसूक बाहेर येती. घाबरून खेचली की गेला तू."

मग एके दिवशी त्यानं डोक्यावरची टोपी मागं सारून रखमाजीला आपलं डोकं दाखवलं. डाव्या कानाच्या वर, केसांत, बोट बसेल एवढा खळगा होता.

"भाऊ, मी पडल्तो तवा डोकं उघडं होतं. पोराला चामड्याची टोपी शिवून द्या. आज द्या."

माणसाच्या डोक्यासाठी रखमाजीनं कधी काही शिवलं नव्हतं. पण कातडं ते कातडं, आणि माप ते माप. रखमाजीला अक्षरओळख नव्हती. त्याची सगळी मापं दोऱ्यांत असत. एका जनावराला एक सुती दोरी, आणि दोरीला गाठी. दुकानाच्या भिंतीवर ओळीनं खुंट्या होत्या आणि त्यांवर साऱ्या तालुक्याची घोडी अशी दोरीदोरीनं टांगलेली होती. जनावर मेल्याचा निरोप आला की त्याच दिवशी दोरी उतरवून तिच्या गाठी सोडायच्या, हा त्यांच्या घराण्याचा रिवाज. मेलेल्याचं माप ठेवायचं नाही. आणि जितं असेपर्यंत गाठ सोडायची नाही. माप चुकलं तर सरळ नवी दोरी घ्यायची.

त्यानं मच्छिंद्रला पुढ्यात बसवलं. दोरीचं टोक कपाळाच्या मधोमध धरून डाव्या अंगानं डोक्याभोवती फिरवलं आणि टोकाशी परत आल्यावर पहिली गाठ मारली. या कानापासून त्या कानापर्यंत दुसरी, हनुवटीखालून तिसरी. तीन गाठी. दोरी त्यानं शेवटच्या मोकळ्या खुंटीवर टांगली.

गोजरबाई, त्याची बायको, दारातून बघत होती. "आवो, माणसाचं माप जनावरांच्या रांगेत टांगता व्हय?"

"मंग काय तुझ्या डब्यात ठिवू?" रखमाजी म्हणाला आणि हसला. ती हसली नाही.

२

टोपी आठ दिवसांत झाली. बाभळीच्या लाकडाचा डोक्याएवढा ठोकळा घडवून त्यावर ओलं कातडं ताणून ठोकलं, कानांवर पाळ्या सोडल्या, हनुवटीखाली बक्कल लावलं. उरलेल्या कातड्याचा कमरेला एक रुंद पट्टाही केला, धक्क्यांनी पोराची पाठ दुखू नये म्हणून. टोपी ठोकळ्यावर वाळत ठेवली होती.

पौषातली अमावस्या होती. अमावस्येला कापसाचा सौदा बंद असे, जिनिंग बंद असे. एरवी दिवसभर गावाखाली धडधडणारी ती यंत्रं थांबली की जालना कुणी दुसरंच गाव वाटे. हवेत नुसते कापसाचे तंतू उरत. उन्हाच्या पट्ट्यात ते वरही जात नसत आणि खालीही बसत नसत.

रखमाजी जेवून मधल्या खोलीत आडवा झाला होता. मागच्या अंगणात मच्छिंद्र फटफटी पुसत होता. तिला सुरू करण्याची त्याची एक लय होती. पहिली लाथ फुकट, दुसरी फुकट, तिसऱ्या लाथेला ती भडकून उठे. पहिली लाथ ऐकून रखमाजीचा डोळा उघडला. अंगात झोप तशीच होती. तो उठून दुकानात जायला निघाला आणि उंबऱ्यावर थांबला.

त्याच्या जागेवर कुणी बसलं होतं.

खुंट्यांकडं तोंड, उंबऱ्याकडं पाठ. डोक्यावर ती नवी टोपी. रखमाजी म्हणणारच होता की अरे, ओली आहे अजून, काढ ती. तेवढ्यात मागं अंगणात दुसरी लाथ बसली, आणि त्याला उमजलं की मच्छिंद्र तर मागं आहे.

बसलेल्याचे खांदे वाकलेले होते. टोपीच्या डाव्या बाजूला, कानाच्या वर, कातडं खरवडून निघालं होतं आणि आतला पांढुरका पदर दिसत होता. त्याचे हात मांडीवर काहीतरी करत होते. मग एक हात वर झाला, आणि मान न वळवता तो काहीतरी ओरडला असावा, कारण खांदे हलले. पण त्याच घटकेला तिसरी लाथ बसली आणि सारं घर फटफटीच्या आवाजानं भरून गेलं.

तो ओरडायचा थांबला. हात खाली आला. अंगणाच्या बाजूला त्यानं मान कलती केली आणि तो नुसता ऐकत राहिला. कुणी आपलं लेकरू झोपेत कसं श्वास घेतं ते ऐकावं, तसा.

फटफटी बंद झाली. दुकानात ठोकळा होता, ठोकळ्यावर टोपी होती, आणि टोपीवर ओरखडाही नव्हता. रखमाजीनं जवळ जाऊन तिच्यावर हात फिरवला. ओलसर, गार, गुळगुळीत.

वाऱ्याचं नाव नव्हतं. तंतू हवेत थांबलेले होते. पण शेवटच्या खुंटीवरची दोरी हळूहळू झुलत होती.

त्यानं ती उतरवली आणि सवयीनं अंगठ्यानं गाठी मोजल्या. चार होत्या.

३

रखमाजी भोळसट नव्हता. भुताखेतांच्या गोष्टी तो टांगेवाल्यांकडून चवीनं ऐके आणि त्यांचीच टिंगल करी. दुपारची झोप, पोटात बाजरीची भाकरी, डोळ्यांपुढं ऊन, दिसलं काहीतरी. त्याला काय धरून बसायचं?

गाठ मात्र दिसण्यातली नव्हती. ती हाताला लागत होती.

"तू मारली?" त्यानं गोजरबाईला विचारलं.

"मी त्या दोऱ्यांना हातबी लावत न्हाई. मला त्यांची भीती वाटती."

मच्छिंद्रला विचारलं तर तो खो खो हसला. "आबा, तुमचं वय झालं. तुम्हीच मारली असंल."

तेही शक्य होतं. रखमाजीनं गाठ पुन्हा पाहिली. जिनगराची गाठ होती, दोनदा फिरवून आत ओढलेली, त्याच्या बापानं त्याला शिकवलेली. तशी गाठ मारणारा जालन्यात दुसरा कुणी नव्हता. मग आपणच मारली असेल, असं त्यानं स्वतःला बजावलं, आणि या समजुतीनं त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

त्यानं दोरी स्वतःच्या कपाळावर धरली आणि डाव्या अंगानं फिरवली. बापलेकांची डोकी एकाच मापाची होती, हे गोजरबाई नेहमी म्हणे. पहिली गाठ बरोबर कपाळावर आली. आणि ती नवी गाठ डाव्या कानाच्या वर बसली, तीन बोटांवर. ओरखडा जिथं दिसला होता, तिथंच.

दुसऱ्या दिवशी त्यानं अजमतला बोलावून आणलं. दुपारी दिसलेलं सांगितलं नाही, नुसती दोरी दाखवली. अजमतनं ती आपल्या डोक्याभोवती धरली. गाठ त्याच्या खळग्यात जाऊन बसली.

"घ्या," अजमत म्हणाला. "माझी जखम पाहून तुमच्या हातानं बांधली असंल. डोक्यात होतं, हातात आलं."

"आसंच असंल."

"आसंच हाय." अजमतनं दोरी परत केली आणि हात पायजम्याला पुसला. "भाऊ, डावीकडं पडलं की मार इथंच बसतो. म्हणून सांगतो, इथं जाड करा. नमदा घाला आतून."

हे मात्र करण्यासारखं काम होतं, आणि काम मिळालं की रखमाजीचं भय निम्मं होई. खोगिराखाली घालतात तो लोकरीचा जाड नमदा त्यानं काढला, टोपीची शिवण उसवली, त्या जागी नमद्याचे तीन थर बसवले आणि वरून दुसरं कातडं चढवलं. टाके इतके बारीक घातले की गोजरबाई म्हणाली, नवरीच्या चोळीलाबी कुणी इतकं करत न्हाई. शेवटी ठोकळ्यावर टोपी चढवून त्यानं लाकडी मोगरीनं त्या जागी जोरात हाणलं. मोगरी उडाली. टोपी काढून पाहिली, तर ठोकळ्यावर वळसुद्धा नव्हता.

गाठ जर काही सांगत असेल तर ते आपण ऐकलं, असं त्याला वाटलं. त्या रात्री त्याला चांगली झोप लागली.

४

झोप एकच रात्र लागली.

सकाळी मच्छिंद्र टोपी घालून, पट्टा आवळून निघाला की फटफट विरेपर्यंत रखमाजी दारात उभा राही, आणि संध्याकाळी ती परत ऐकू येईपर्यंत त्याला चैन नसे. मधला सगळा दिवस त्याच्या हाताखाली कातडं असे आणि नजर शेवटच्या खुंटीवर. चौथी गाठ कशाला तिथं राहिली? जागा जाड केली, मग तिचं काम संपलं की नाही? एकदा तर त्यानं दोरी मांडीवर घेऊन आरीचं टोक गाठीत खुपसलं. सोडून टाकावी, म्हणजे विषयच मिटला.

पण गाठ कुणाची सोडतात? त्यानं आरी काढून घेतली आणि दोरी पुन्हा टांगली. कपाळावरचा घाम पुसताना त्याला स्वतःची लाजही वाटली.

"नको जाऊ काही दिवस," एका संध्याकाळी त्यानं मुलाला सांगितलं.

"कामून?"

गाठीमुळं म्हणावं, तर पोरगा हसणार.

"आबा, हंगामात घरी बसलो तर शेटजी दुसरा गडी ठिवतील. मंग मी काय करू? खोगिरं शिवू? घोडी राह्यली किती गावात?" त्याला तसं म्हणायचं नव्हतं, पण म्हणून गेला. मग मच्छिंद्रच मऊ आवाजात म्हणाला, "मी नीट चालवतो. अजमतचाचाला विचारा."

रखमाजीचा त्या पोरावर फार जीव होता. ते त्याला कधी तोंडानं बोलता आलं नाही, आणि टाके घालून ते किती सांगायचं, त्यालाही मर्यादा होती. रात्री पडल्या पडल्या त्यानं ठरवलं की आपण स्वतः मागं बसून एकदा तो रस्ता पाहायचा. बाप मागं बसल्यावर पोरगा सावकाश हाकेल. वाईट जागा आपल्या डोळ्यांनी बघू, आणि आपली खात्री पटली की ही भुणभुण थांबेल.

सकाळी तो म्हणाला, "हसनाबादच्या एका घोडीचं माप घ्यायचंय. मला घेऊन चल."

मच्छिंद्रनं त्याच्याकडं पाहिलं. त्याला सगळं समजलं असावं. "बसा," तो म्हणाला आणि स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून त्यानं बापापुढं धरली. "ही घाला."

"ती तुझ्या मापाची हाय."

"तुमचं-माझं माप एकच. मागं बसणारा आधी उडतो, आबा. घालत असाल तर बसा, न्हाई तर राहू द्या."

इथं रखमाजीनं नाही म्हणायला हवं होतं. पुढं आयुष्यभर तो त्या क्षणाशी परत परत आला. न जाता आलं असतं. उतरता आलं असतं. पण आपण मागं बसणं महत्त्वाचं, टोपी काय वाटेत परत त्याच्या डोक्यावर घालू, असं त्यानं मनाशी म्हटलं. आणि खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही भीती वाटत होती. जन्मात तो कधी फटफटीवर बसला नव्हता. त्यानं टोपी घेतली. नमदा कानाच्या वर मऊ, उबदार बसला.

५

जाताना काहीच झालं नाही.

गाव मागं पडलं, आणि वारा आला. कानांवर पाळ्या असल्यानं फटफटीचा आवाज दुरून, पाण्याखालून यावा तसा येत होता. मच्छिंद्रच्या कमरेचा पट्टा रखमाजीनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. आधी त्यानं डोळे मिटून घेतले होते, मग एक उघडला, मग दोन्ही. दोन्ही बाजूंच्या बाभळींच्या काट्यांना जाणाऱ्या गाड्यांमधला कापूस अडकून राहिला होता. मैलच्या मैल पांढऱ्या बाभळी. आपण हलत नसून झाडंच मागं चालली आहेत असं त्याला वाटलं, आणि घोड्याच्या पाठीवर असं कधी वाटलं नव्हतं. पन्नाशीच्या माणसाला असा आनंद व्हावा हे बरं नव्हे, म्हणून त्यानं तो कुणाला सांगितला नसता. पण तो झाला.

पोरगा खरंच नीट चालवत होता. नजर दूर, मान सरळ. खड्डा आला की त्याची कंबर जराशी उचले आणि फटफटी खड्ड्याला बगल देई. आपला मुलगा एखादं काम इतकं सुंदर करतो हे बापाला पहिल्यांदा दिसत होतं.

हसनाबादला त्यांनी भाकरी खाल्ली. घोडीचा विषय दोघांनीही काढला नाही. मच्छिंद्रनं नमुन्यांनी पिशवी भरून गळ्यात अडकवली. "घाबरलात का, आबा?"

"तुझ्या हाताला शिस्त हाय," रखमाजी म्हणाला. यापेक्षा जास्त तो कधी कुणाला म्हणाला नव्हता. मच्छिंद्र लाल झाला आणि उगाचच टाकीवरची धूळ पुसू लागला.

टोपी डोक्यावरून काढायचं रखमाजीच्या ध्यानातच आलं नाही. ती डोक्यावर आहे हेच तो विसरला होता.

परतीला उन्हं कलली होती. जालन्याच्या अलीकडं, ओढ्याच्या उताराला, कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती आणि धुळीनं रस्ता पिवळा झाला होता. मच्छिंद्रनं रांगेला वळसा घालायला फटफटी कडेला घेतली, आणि पुढचं चाक गाडीच्या खोल चाकोरीत उतरलं. फटफटी थरथरली, डावीकडं झुलली, उजवीकडं झुलली.

मच्छिंद्रनं शिकल्याप्रमाणं केलं. त्यानं हात ढिले सोडले.

ते रखमाजीनं खांद्यावरून पाहिलं. पोराची बोटं सैल झाली, मनगटं पडली. रखमाजीला एवढंच कळलं की याच्या हातून लगाम सुटला. आणि ज्याच्या चार पिढ्या घोड्यांत गेल्या त्याच्या हातांनी जे करायचं ते केलं. त्यानं दोन्ही हातांनी पट्टा धरून सारा जोर लावून मागं खेचलं.

६

गाडीवान धावत आले. धूळ बसायला बराच वेळ लागला.

रखमाजी उभा होता. त्याला कुणी उठवलं हे त्याला आठवत नव्हतं. खांदा दुखत होता, एवढंच. एका गाडीवानानं त्याच्या टोपीवर हात ठेवला. डाव्या कानाच्या वर कातडं खरवडून निघालं होतं आणि नमद्याचा पांढरा पदर दिसत होता.

"देवानं राखलं, बाबा," तो म्हणाला. "ह्या टोपीनं राखलं."

मच्छिंद्र चाकोरीच्या कडेला डाव्या कुशीवर निजला होता. पिशवी फुटून कापूस त्याच्यावर पसरला होता, केसांत, पापण्यांवर. रखमाजीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. बोटं त्याच्या केसांतून फिरवली, कानाच्या वर, तीन बोटांवर. मग त्यानं हात काढला नाही. तिथं हात दाबून धरला की काहीतरी आत राहील असं त्याला वाटत होतं. जालन्यापर्यंत कापसाच्या गाडीत तो तसाच बसून होता.

घरी माणसं जमली. दिवे लागले. अजमत दारात उभा राहून लहान मुलासारखा रडला. कुणी तरी, बहुतेक भावकीतलं, दबक्या आवाजात म्हणालं की रिवाज उरकून घ्यावा. रखमाजी दुकानात गेला आणि त्यानं शेवटच्या खुंटीवरची दोरी उतरवली.

अंगठ्यानं गाठी मोजल्या. तीन होत्या.

त्यानं दोरी उजेडात धरली. चौथी गाठ जिथं होती तिथं दोरी सरळ होती, पीळ न मोडलेला. तिथं कधी गाठ बसलीच नव्हती.

तीन गाठी त्याच्यानं सोडवल्या नाहीत. दोरी तशीच त्यानं परत टांगली.

७

शेटजींनी फटफटीचा सांगाडा मोडीत विकला. मच्छिंद्रच्या जागी त्यांनी दुसरा गडी ठेवला आणि तो टांग्यानं जाई. रखमाजी टोपी काढत नसे. जेवताना नाही, झोपताना नाही. पहिल्यांदा बाजार हळहळला, मग सवय झाली. गोजरबाई एकदाच म्हणाली, "गाठी सोडा आता. लेकरू अडकून पडलंय." लेकरू अडकून पडलं असेल तर त्याला तेच हवं होतं.

पुन्हा पौष आला. अमावस्येला जिनिंग थांबली, आणि गाव दुसरंच गाव झालं. जेवून रखमाजी दुकानात आपल्या जागेवर बसला होता, खुंट्यांकडं तोंड करून. उन्हाच्या पट्ट्यात कापसाचे तंतू उभे होते. तो किती वेळ त्यांच्याकडं बघत होता कुणास ठाऊक. दोरी मांडीवर होती.

मागं मधल्या खोलीत कुणीतरी उठल्याची चाहूल लागली. गोजरबाई सकाळीच ओढ्यावर गेली होती. त्याआधी अंगणात धातूवर पाय आपटल्याचा आवाज झाला होता. फुकट गेलेली एक लाथ.

रखमाजीला भीती वाटली नाही. मागं पावलं उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. ती पावलं तो ओळखत होता. जन्मभर त्याच पावलांवर तो चालला होता.

मांडीवरच्या दोरीत तीन गाठी होत्या. आता त्याला सगळं दिसलं. गाठ मारू नये. गाठ नसेल तर उंबऱ्यावरचा तो माणूस घाबरणार नाही, रात्री तळमळणार नाही, फटफटीवर मागं बसणार नाही, पट्टा खेचणार नाही. हात बाजूला ठेवायचे, एवढंच.

पण गाठ नसेल तर नमदाही पडणार नाही. ती जागा पातळच राहील. आणि कधीतरी, कुठल्या तरी चाकोरीत, पोरगा एकटा पडला तर? कुठं लागणार ते बापाला ठाऊक आहे, आणि तो ती जागा दाखवणार नाही?

विचार पुरा व्हायच्या आत बोटांनी दोनदा फेरा घेतला आणि गाठ आत ओढली. तीन बोटांवर. बरोबर.

अंगणात दुसरी लाथ बसली.

रखमाजीनं दोरी खुंटीवर फेकली. मागं वळायला गेला, तर मान वळेना. त्यानं हात वर केला आणि जीव एकवटून तो ओरडला, "टोपी त्याच्या डोक्यावर राहू दे! तू बसू नको, बसू नको—"

तिसऱ्या लाथेला फटफटी भडकून उठली. भिंती, खुंट्या, दोऱ्या, सगळं त्या आवाजानं भरून गेलं. अजून ओरडायला हवं होतं. उंबऱ्यावरच्याला काही ऐकू गेलं नव्हतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? अजून एकदा, जरा मोठ्यानं.

पण अंगणात त्याचा मच्छिंद्र होता. फटफटी चढत होती, उतरत होती, पोरगा तिला चुचकारत होता, आणि हा आवाज रखमाजीनं वर्षभर ऐकला नव्हता.

त्याचा हात खाली आला. त्यानं मान जराशी कलती केली आणि तो ऐकत राहिला.